वाग्दत्त वधूवरांचा पत्रव्यवहार : एक परीक्षण
(दोन नायगांवांच्या निमित्तानें)

१

विवाह ठरला आहे, पण लागला नाहीं, अशा वधूवरांनीं एकमेकांस लिहिलेलीं एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांतील मराठी पत्रें कोठें उपलब्ध आहेत काय, असा प्रश्न जुन्या कागदांच्या संग्राहकांकडून आम्हांस अनेकदां विचारला जातो. प्रश्न रास्त आहे. इंग्लंडांत व अमेरिकेंत त्या काळचीं अशीं पत्रें जपलेलीं आहेत, छापलेलीं आहेत व त्यांवर ग्रंथही झाले आहेत. मग आपल्याकडे, जेथें वतनदारांच्या घरोघर दप्तरांचे रुमाल बांधलेले, तेथें असें एकही पुडकें कां सांपडूं नये ?

या प्रश्नाचें उत्तर बहुधा असें दिलें जातें कीं, पत्रें होतीं, पण वाळवीनें, पावसानें व अनास्थेनें नष्ट झालीं. हें उत्तर आम्हांस मान्य नाहीं. हरवलेला कागद आणि मुळांत कधींच न लिहिला गेलेला कागद यांत भेद केला पाहिजे. पहिल्याचा शोध करावयाचा असतो. दुसऱ्याचें कारण सांगावयाचें असतें. हा भेद न पाळल्यास दोन अनर्थ होतात. एक, हौशी संग्राहक खोट्या कागदास बळी पडतो. दुसरा, व अधिक वाईट, ज्या कागदांत स्त्रियांचा शब्द खरोखर उतरला आहे त्यांकडे, ते प्रणयाचे नाहींत म्हणून, कोणी पाहत नाहीं.

प्रस्तुत विषयांत नायगांव हें नांव कां यावें, तेंही आरंभींच सांगतों. या नांवाचीं गांवें महाराष्ट्रांत एकाहून अधिक आहेत. त्यांपैकीं एक नांदेड जिल्ह्यांतील, नांदेडहून देगलूरकडे जाणाऱ्या मार्गावरील नायगांव बाजार. पूर्वी तें बिलोली तालुक्यांत मोडे. आतां तें स्वतःच तालुक्याचें ठिकाण आहे. दुसरें सातारा जिल्ह्यांतील खंडाळा तालुक्यांतील नायगांव, सावित्रीबाई फुले यांचें जन्मगांव. पतीपत्नींच्या ज्या मराठी पत्रांचा आज सर्वांत अधिक गौरव होतो, त्यांतील दोन या दुसऱ्या नायगांवाहून लिहिलेलीं आहेत. नांवसाम्य हा दप्तरशोधकाचा जुना शत्रू होय. पत्रांत केवळ 'मुक्काम नायगांव' एवढें दिसल्यानें स्थलनिर्णय होत नाहीं. पेटा, परगणा व सुभा पाहावा लागतो. पहिल्या नायगांवाच्या मुलखांत असें पत्र कां संभवत नव्हतें, व दुसऱ्या नायगांवाहून तें केव्हां व कोणत्या रूपानें आलें, हें दाखविणें एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

२

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं महाराष्ट्रांत सोयरीक ठरली म्हणजे कागद होत नसत, असें नाहीं. उलट पुष्कळ होत. मुलामुलींचीं टिपणें एकमेकांकडे जात. घटित पाहून जोशी आपलें मत लिहून देई. मध्यस्थाचें पत्र येई. मग देण्याघेण्याची याद होई : हुंडा किती, करणी कोणती, वरास पोषाख कोणता, वधूच्या अंगावर दागिने कोणी व किती घालावयाचे, वऱ्हाड किती माणसांचें, त्यास शिधा कोणी द्यावयाचा. नंतर मुहूर्ताचें पत्र, आमंत्रणाचीं पत्रें, आणि सर्वांत शेवटीं खर्चाचा हिशेब. हे सर्व कागद दप्तरांत मिळतात, आणि ते जपून ठेवण्याचें कारणही उघड आहे. पुढें तंटा पडल्यास तोच पुरावा. याद म्हणजे दोन घराण्यांमधील कराराचा कागद होता. आणि करारांत बोलतात ते करार करणारे, म्हणजे दोन बाप, किंवा बाप नसल्यास चुलते व भाऊ. ज्यांच्याविषयीं करार होतो तीं दोघें त्यांत बोलत नाहींत.

मोठ्या घराण्यांतही रीत हीच. सवाई माधवरावांचें लग्न इ. स. १७८३ मध्यें झालें, तेव्हां वर नऊ वर्षांचाही पुरा झाला नव्हता. त्या समारंभाच्या व्यवस्थेचे तपशील प्रसिद्ध आहेत. मानपान, बैठकी, मेजवान्या, दिवाबत्ती यांची इतकी बारीक नोंद क्वचितच दुसऱ्या लग्नाची सांपडेल. पण त्या साऱ्या पसाऱ्यांत वर व वधू हीं दोन बालकें केवळ निमित्तमात्र आहेत. इंग्रजी अंमल आल्यावर आर्थर स्टील यानें दक्षिणेंतील जातींचे रीतिरिवाज शास्त्र्यांकडून व जातींच्या प्रमुखांकडून विचारून घेऊन संकलित केले. तो ग्रंथ १८२७ मध्यें मुंबई सरकारनें छापविला. विवाहासंबंधीं त्यांतही हेंच चित्र दिसतें : वाङ्निश्चय हा देणाऱ्या व घेणाऱ्या वडीलधाऱ्यांमधील व्यवहार. पेशव्यांच्या रोजनिशींत वाई प्रांतांतील ब्राह्मणांनीं कन्येच्या विवाहांत द्रव्य घेऊं नये अशी ताकीद आढळते, व न्यायमूर्ति रानडे यांनीं रोजनिशींच्या प्रस्तावनेंत तिचा उल्लेख केला आहे. तेथेंही सरकार बोलतें तें बापाशीं. वधूवर हे पत्रव्यवहाराचे विषय होते, पत्रव्यवहाराचे कर्ते नव्हते.

कोणी म्हणेल कीं, वर प्रौढ असल्यास तो लिहूं शकला असता. बिजवर तर तिशीचाही असे. हें खरें, पण वधू आठ-नऊ वर्षांचीच असे, आणि तिला अक्षरओळख नसे. पत्रास दोन टोकें लागतात. एका टोकास वाचणारा नसेल, तर दुसऱ्या टोकाच्या माणसानें कितीही सुरेख मोडी लिहिलें तरी तें पत्र तिच्या बापाच्या कारकुनाच्या हातीं पडावयाचें व सदरेवर मोठ्यानें वाचलें जावयाचें. अशा पत्रांत मनांतलें कोण लिहील ?

नांदेडच्या बाजूच्या मुलखास ही गोष्ट अधिकच लागू पडते. तो प्रदेश १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. सरकारी भाषा प्रथम फारसी व १८८४ पासून उर्दू. गांवचे व परगण्याचे हिशेब मात्र मोडी मराठींत. आणि बिलोली-देगलूरकडे तेलुगू व कानडीचा शेजार. अशा ठिकाणच्या वतनदाराच्या रुमालांत दोन-तीन भाषांचे कागद एकत्र मिळतात, व त्यांचें मोल फार आहे. पण लेखन हें तेथें धंद्याचें साधन होतें. कुलकर्ण्यास तें वतनासाठीं हवें, सावकारास खात्यासाठीं, मुनशीस दरबारासाठीं. घरांतील मुलीच्या हातीं बोरू देण्याचें प्रयोजन या तिघांपैकीं कोणासही वाटलें नाहीं.

३

यापेक्षांही बळकट प्रमाण पत्रलेखनाच्या पद्धतींतच आहे. जुन्या मराठी पत्राचा प्राण म्हणजे मायना. हेमाडपंती मेस्तकापासून पुढें लेखनाचे जे नमुने चालत आले त्यांत कोणी कोणास काय म्हणून लिहावें याची चौकट घालून दिलेली असे. वडिलांस 'तीर्थस्वरूप', मुलास 'चिरंजीव', बरोबरीच्यास 'राजश्री', सुवासिनीस 'सौभाग्यवती', विधवेस 'गंगाभागीरथी'. मायन्यावरून नातें, दर्जा व वय हीं तिन्ही एकदम कळतात. मग वाग्दत्त वरानें वाग्दत्त वधूस कोणता मायना लिहावा ? 'सौभाग्यवती' लिहितां येत नाहीं, कारण लग्न लागलें नाहीं. कुमारिकेस वडीलमाणूस 'चिरंजीव' लिहील. वर तें लिहूं शकत नाहीं. नांव घेऊन लिहिणें हा तर मर्यादाभंग. वधूच्या बाजूनें पाहिलें तर अडचण दुप्पट. जिनें जन्मभर पतीचें नांव उच्चारावयाचें नाहीं, उच्चारावयाचेंच तर उखाण्याच्या आडपडद्यानें, तिनें होणाऱ्या पतीस कोणत्या नांवानें हांक मारावी ? आमच्या पाहण्यांत आलेल्या छापील पत्रसंग्रहांत या नात्यासाठीं मायना नाहीं. ज्या नात्यास भाषेनें मायना दिला नाहीं, त्या नात्याचा पत्रव्यवहार समाजांत रूढ नव्हता, असा निष्कर्ष काढण्यास आम्हांस संकोच वाटत नाहीं.

याच ठिकाणीं संग्राहकांच्या उपयोगासाठीं कांहीं कसोट्या नमूद करून ठेवतों. 'शंभर-दोनशें वर्षांपूर्वींचें प्रेमपत्र' म्हणून कागद पुढें आला, तर प्रथम त्याचा आरंभ पाहावा. 'प्रिय अमुक' असा आरंभ असेल तर तो इंग्रजी पत्रांच्या वळणावरून पुढें रूढ झालेला आहे हें ध्यानांत ठेवावें. दुसरें, विरामचिन्हें पाहावींत. जुन्या मोडी पत्रांत स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह, अवतरणचिन्हें नसतात. शब्दही सलग लिहिलेले असतात. तिसरें, लिपि. खाजगी पत्र सामान्यतः मोडींत असे. बाळबोध लिपि पोथीची. सबंध प्रणयपत्र स्वच्छ बाळबोधींत असेल तर संशय घ्यावा.

चौथी कसोटी काळाची. खोटा कागद करणारा बहुधा नुसता शक किंवा इसवी सन घालतो. अस्सल पत्रांत तिथि, मास, कोठें संवत्सराचें नांव, कोठें 'छ' या चिन्हापुढें मुसलमानी महिन्याचा चंद्र, कोठें फसली किंवा सुहूर सन येतो. यांचा मेळ घालून पाहावा. शकांत १२ मिळवून ६० नीं भागिलें असतां जी बाकी उरते तो प्रभवापासून संवत्सराचा अनुक्रम. उदाहरणार्थ, शके १७४२ म्हणजे बाकी १४, अर्थात् विक्रम संवत्सर. फसली सनांत ५९० किंवा ५९१, व सुहूर सनांत ५९९ किंवा ६०० मिळविले म्हणजे इसवी सन येतो. दोन गणनांचा मेळ बसला नाहीं तर कागद बाजूस ठेवावा.

पांचवी कसोटी टपालाची. जुनें पत्र जासूद, कासीद किंवा जाणारा-येणारा माणूस नेई, व तें नुसतें घडी घालून लाखेनें वा डिंकानें मिटलेलें असे. सर्व ब्रिटिश हिंदुस्थानांत चालणारें टपालाचें तिकीट १८५४ मध्यें निघालें. निजामाच्या राज्यांतील पहिलें तिकीट १८६९ चें. त्यापूर्वींच्या तारखेच्या पत्राबरोबर तिकिटाचें पाकीट कोणी दाखवील, तर अधिक पाहण्याची जरूरच नाहीं. कागद जुना असणें हा मात्र पुरावा नव्हे. दौलताबादेजवळच्या कागजीपुऱ्याचा हातकागद वर्षानुवर्षें टिकतो, व जुन्या वह्यांचीं कोरीं पानें आजही मिळतात. जुन्या कागदावर नवी शाई चढविणें कठीण नाहीं. जुन्या भाषेवर नवें मन चढविणें कठीण आहे. तें लपत नाहीं.

४

येथें एक आक्षेप संभवतो. मराठी वाङ्मयांत स्त्रीनें आपल्या इच्छित वरास पाठविलेलें पत्र आहेच. नव्हे, तें घरोघर वाचलें जातें. पैठणच्या एकनाथांनीं १५७१ मध्यें पूर्ण केलेल्या 'रुक्मिणीस्वयंवरां'त, भागवताच्या दशम स्कंधास अनुसरून, रुक्मिणी ब्राह्मणाच्या हातीं श्रीकृष्णास पत्रिका पाठविते. तिचा विवाह भावानें शिशुपालाशीं ठरविलेला आहे. म्हणजे एकाची वाग्दत्ता दुसऱ्यास वरण्यासाठीं स्वतः लिहिते. त्यापूर्वीं यादवकाळीं महानुभाव कवि नरेंद्रानेंही हाच विषय घेतला. हा ग्रंथ वाचल्यानें मनाजोगा वर मिळतो अशी श्रद्धा असल्यामुळें उपवर मुलींकडून त्याचें पारायण करविण्याची चाल आजतागायत आहे.

हें उदाहरण आमच्या मताविरुद्ध जात नाहीं. तें त्यास पुष्टि देतें. जी गोष्ट देवाच्या कथेंत पुण्यप्रद, ती घरांत अकल्पनीय होती. मुलीनें रुक्मिणीची पत्रिका ऐकावी, तिचें पारायण करावें. पण स्वतः पत्रिका लिहूं नये. वाङ्मयांतील पत्रिकेनें दप्तरांतील पत्राची जागा घेतली, असें फार तर म्हणतां येईल. एकनाथांच्या मराठवाड्यांतील, म्हणून आपल्या पहिल्या नायगांवाच्या आसपासच्या, घरांतील कन्येस वराविषयींची उत्कंठा व्यक्त करण्यास जो एकच मान्य मार्ग होता, तो हा परक्या शब्दांचा.

लावणीविषयीं तेंच. राम जोशी, अनंत फंदी, होनाजी, परशराम, प्रभाकर यांच्या काळांत, म्हणजे अठराव्या शतकाच्या अखेरीपासून एकोणिसाव्याच्या आरंभापर्यंत, विरहिणीच्या तोंडीं घातलेल्या रचनांचा सुकाळ झाला. पति मोहिमेवर, पत्नी घरीं, निरोप कोणाबरोबर धाडावा ही तगमग त्यांत वारंवार येते. अशा लावणीचा सुटा कागद हिशेबाच्या रुमालांत निघाला, व त्यास आगापीछा नसला, तर नवशिक्या वाचकास तें खरेंच पत्र वाटणें शक्य आहे. परंतु हा शब्द शाहिराचा आहे; पुरुषानें पुरुषांच्या बैठकीसाठीं स्त्रीच्या तोंडीं घातलेला. वाङ्मय म्हणून त्याची योग्यता मोठी. स्त्रीच्या हातचा कागद म्हणून त्याची किंमत शून्य.

५

आतां दुसऱ्या नायगांवाकडे वळूं. सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजीं तेथील नेवसे पाटलांच्या घरीं झाला. जोतीराव फुले यांच्याशीं त्यांचा विवाह १८४० मध्यें झाला, तेव्हां वधू नऊ वर्षांची व वर तेरा वर्षांचा होता. आम्ही ज्या काळाविषयीं बोलत आहों त्याच काळांतील हा वाङ्निश्चय. त्या दोघांत विवाहापूर्वीं पत्रव्यवहार झाला नाहीं हें सांगावयास नको. वधूचें शिक्षणच विवाहानंतर, पतीच्या प्रोत्साहनानें सुरू झालें. १८४८ मध्यें पुण्यांत मुलींची शाळा निघाली व त्या शिक्षिका झाल्या. १८५४ मध्यें त्यांचा 'काव्यफुले' हा संग्रह प्रसिद्ध झाला. आणि पतीस लिहिलेलें जें पहिलें पत्र आज छापील रूपांत आपणांपुढें आहे, तें १० ऑक्टोबर १८५६ चें. लग्नानंतर सोळा वर्षांनीं. ज्या पत्राचा शोध संग्राहक वाङ्निश्चयाच्या सुमारास करतात, तें या घरांत सोळा वर्षें उशिरां आलें. कारण तें येण्यापूर्वीं एका मुलीस शाळा व एका शहरास शिक्षिका मिळावी लागली.

अशीं तीन पत्रें डॉ. मा. गो. माळी यांनीं संपादिलेल्या 'सावित्रीबाई फुले समग्र वाङ्मय' या, राज्याच्या साहित्य आणि संस्कृति मंडळानें १९८८ मध्यें प्रसिद्ध केलेल्या, ग्रंथांत आहेत. पहिलें १८५६ चें; दुसरें २९ ऑगस्ट १८६८ चें; तिसरें २० एप्रिल १८७७ चें. पहिलीं दोन नायगांवाहून, तिसरें जुन्नरजवळच्या ओतुराहून. कोणी यांस 'प्रेमपत्रें' म्हणतात. या नांवाचें परीक्षण केलें पाहिजे.

पहिल्या पत्राच्या वेळीं सावित्रीबाई आजारातून उठत होत्या व माहेरीं होत्या. भावानें त्यांची शुश्रूषा केली. पण तोच बोलतां बोलतां म्हणाला कीं, महारामांगांसाठीं तुम्ही जें करतां तें कुळास बट्टा लावणारें असून तुमच्यावर बहिष्कार पडला तो योग्यच. पत्राचा मोठा भाग म्हणजे या बोलण्यास बहिणीनें दिलेल्या उत्तराचा वृत्तांत. नागपंचमीस विषारी सापास दूध पाजणारा माणूस माणसास मात्र अस्पृश्य मानतो, हा तिचा कोटिक्रम. शेवटीं आई हेलावते व भाऊ वरमतो. आतां यांत रूढ अर्थाचा प्रणय कोठें आहे ? विरहाचें वर्णन नाहीं, लाडिक संबोधनें नाहींत. पण मायना पाहावा. पत्नी पतीस नांवानें संबोधिते, व तें संबोधन सत्याशीं जोडिते. आम्हीं वर सांगितलेली मायन्याची सारी चौकट या एका ओळींत मोडलेली आहे. आणि ज्या विश्वासानें ती माहेरच्या घरांतील वाद, भावाचा उणा शब्द व स्वतःचें उत्तर पतीस कळवीत आहे, तो विश्वास दोन बापांच्या यादींतून येत नाहीं. तो एकत्र केलेल्या कामांतून आला आहे.

दुसरें पत्र आमच्या विषयास सर्वांत जवळचें, आणि सर्वांत विलक्षण. पंचांग घेऊन गांवोगांव भिक्षुकी करणारा गणेश नांवाचा ब्राह्मण तरुण व सारजा नांवाची महार मुलगी यांचें प्रेम जमलें, व मुलीस दिवस गेले. गांवकऱ्यांनीं दोघांस धिंड काढून ठार मारण्याचा घाट घातला. सावित्रीबाई धांवत गेल्या. इंग्रजी कायद्यांत खुनाचा परिणाम काय होतो याची भीति घालून त्यांनीं जमावास आवरलें. दोघांनीं गांव सोडावें असें ठरलें, व त्यांस पुण्यास जोतीरावांकडे धाडण्याची व्यवस्था झाली. ही हकीकत त्या पतीस कळवितात.

संग्राहकांनीं येथें थोडें थांबावें. मराठींत पतीपत्नींच्या पत्रांत प्रणयाची गोष्ट स्पष्ट शब्दांत आली, ती अशी आली. पत्र एका जोडप्याचें, प्रणय दुसऱ्या जोडप्याचा, व त्या प्रणयाची किंमत दोन जीव. ज्यांचें प्रेम होतें त्यांनीं एकमेकांस एक ओळही लिहिली असेल असें मानण्यास आधार नाहीं. त्यांच्याविषयीं जी एकमेव लेखी साक्ष उरली, ती त्यांना वांचविणाऱ्या स्त्रीची. ती लिहावयास शिकली नसती, तर गणेश व सारजा हीं दोन नांवें कोणत्याही रुमालांत सांपडलीं नसतीं. वाग्दत्तांचीं पत्रें कां नाहींत या प्रश्नास याहून समर्पक उत्तर आम्हांस सुचत नाहीं. वडिलांच्या संमतीशिवाय झालेल्या प्रेमास त्या समाजांत पत्राचा अवकाश नव्हता, धिंडीचा होता.

तिसरें पत्र १८७६ पासून पडलेल्या दुष्काळांतील कामाचें आहे. सत्यशोधक समाजाच्या लोकांनीं चालविलेलें अन्नदान, त्यांत आलेले अडथळे, अधिकाऱ्यांशीं झालेली बोलाचाली यांचा तो अहवाल होय. तेथें तर 'प्रेमपत्र' हें नांव अगदींच तोकडें पडतें.

आमचें मत थोडक्यांत असें. या तीन पत्रांस प्रेमपत्रें म्हणणें चुकीचें आहे, कारण त्या शब्दानें आज जो अर्थ वाचकाच्या मनांत येतो तो या कागदांत नाहीं. आणि वाचक तो शोधूं लागला कीं, जें आहे तें त्याच्या दृष्टीआड होतें. पण या पत्रांत प्रेम नाहीं असें म्हणणें त्याहून चुकीचें आहे. गणेश-सारजेस ज्याच्या घरीं निःशंकपणें धाडतां येतें तो पति, हें त्या प्रेमाचें स्वरूप. तें सांगण्यासाठीं शृंगाराची भाषा लागली नाहीं.

एक सावधगिरी मात्र आमच्याच कसोट्यांस धरून सांगितली पाहिजे. छापील पुस्तकांतील विरामचिन्हें, परिच्छेद व शुद्धलेखन हीं संपादनाच्या संस्कारांतून येत असतात. म्हणून लिपि व चिन्हें यांच्या कसोट्या छापील पाठास लावावयाच्या नसून मूळ कागदास लावावयाच्या असतात. ज्या कागदांविषयीं आपणांस आदर आहे त्यांसही ही रीत सोडूं नये. आदर हें प्रमाण नव्हे. आणि प्रमाणानें आदर कमी होत नाहीं.

वाग्दत्त वधूवरांचा परस्परांशीं बोलण्याचा अधिकार पुढें जोतीरावांनीं ज्या ठिकाणीं स्थापित केला, तेंही लक्षांत घेण्याजोगें आहे. सत्यशोधक पद्धतीचा पहिला विवाह २५ डिसेंबर १८७३ रोजीं लागला. त्या पद्धतीसाठीं जोतीरावांनीं जीं मंगलाष्टकें रचिलीं त्यांत वधू व वर स्वतः, मराठींत, एकमेकांस उद्देशून बोलतात. म्हणजे ज्या दोघांस यादींत तोंड नव्हतें, त्यांस प्रथम वाचा फुटली ती मांडवांत, सर्वांच्या देखत. पत्र हें त्यानंतरचें.

६

इंग्लंडांतील एक प्रसिद्ध उदाहरण तुलनेसाठीं घेतों. कवि जॉन कीट्स याचा फॅनी ब्रॉन हिच्याशीं विवाह ठरला तो १८१९ च्या सुमारास, म्हणजे इकडे पेशवाई नुकतीच बुडाली होती तेव्हां. कीट्स १८२१ मध्यें रोम येथें मरण पावला. विवाह झालाच नाहीं. त्याचीं तिला लिहिलेलीं पत्रें १८७८ मध्यें छापलीं गेलीं व मोठा गवगवा झाला. पण तिचीं त्यास लिहिलेलीं पत्रें आज नाहींत. अखेरचीं तर न उघडतांच त्याच्याबरोबर पुरलीं गेलीं. परिणाम असा झाला कीं, ती उथळ व निष्ठुर होती असा प्रवाद पुष्कळ वर्षें चालला. १९३६ मध्यें तिचीं कीट्सच्या बहिणीस लिहिलेलीं साधीं, घरगुती पत्रें प्रसिद्ध झालीं, व त्यांवरून तिच्याविषयींचें मत पालटलें. प्रणयपत्रांनीं तिच्यावर अन्याय केला. न्याय दिला तो नणंदेच्या नात्यानें लिहिलेल्या कागदांनीं.

हा धडा आपल्या संग्राहकांनीं घ्यावा. आमच्याकडेही एकच बाजू उरते; जोतीरावांचीं उत्तरें त्या तीन पत्रांच्या जोडीस छापलेलीं नाहींत. तेथें नशिबानें स्त्रीची बाजू उरली, एवढाच फरक. सामान्यतः उलट घडतें. दप्तर वांटणीला निघालें म्हणजे सनदा, इनामपत्रें, महजर व मोठ्यांचीं शिक्क्याचीं पत्रें जपलीं जातात; बाळंतपणाच्या सामानाची याद, माहेराहून आलेला चार ओळींचा निरोप, कारकुनाकडून लिहविलेल्या पत्राच्या शेवटीं घातलेलें 'मातोश्रींचा आशीर्वाद' एवढें वाक्य, हे कागद रद्दींत जातात. ज्यांस वाग्दत्तांचीं पत्रें हवीं आहेत त्यांनींच ते टाकूं नयेत. स्त्रियांचा शब्द त्या काळीं याच वाटांनीं कागदावर येत होता : दुसऱ्याच्या हातानें, दुसऱ्याच्या पत्राच्या तळाशीं, वस्तूंच्या यादींतून.

नांदेड, बिलोली, देगलूर, कंधार या बाजूंस ज्यांच्या घरीं रुमाल आहेत त्यांस आमची विशेष विनंति आहे. नायगांवाचें नांव असलेला कागद निघाला तर तो कोणत्या नायगांवचा हें प्रथम पाहावें. परगणा लिहिलेला नसल्यास सोबतच्या कागदांतील शेजारगांवांचीं नांवें पाहावींत. सुटा कागद रुमालांतून वेगळा काढून विकूं नये. रुमालांतील त्याची जागा हाच अर्धा पुरावा असतो. फारसी व उर्दू कागद वाचतां येत नाहींत म्हणून निराळे करूं नयेत. एकाच घराण्याचा व्यवहार दोन लिपींत चालत असे. लग्नाची याद सांपडली तर तींतील आंकड्यांबरोबर वधूचें नांव लिहिलें आहे कीं नुसतें 'कन्या' म्हटलें आहे, हें टिपून ठेवावें. एवढ्या एका नोंदीनें पुढील अभ्यासकाचें काम सोपें होईल.

वाग्दत्त वधूवरांचें अस्सल पत्र उद्यां कोठें निघालें, तर हा लेख मागें घेण्यास आम्हांस आनंदच वाटेल. तोंवर जें नाहीं त्याच्या शोधांत जें आहे तें गमावूं नये, इतकेंच आमचें मागणें. सारजेनें काय लिहिलें असतें हें आपणांस कधीं कळणार नाहीं; तिला लिहितां येत नव्हतें म्हणून तिच्याविषयीं कोणी लिहिलें, तें पान तरी जपून ठेवूं.